पडला तो, पाहिलं कुणी?

'चक्कर आली' हे दोन शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. बोटीत मळमळलं तरी चक्कर, मान वळवल्यावर खोली गरगरली तरी चक्कर, उपाशीपोटी हातपाय गळाले तरी चक्कर आणि माणूस फलाटावर धाडकन कोसळला तरी चक्करच. आपल्या आज्या याबाबतीत जास्त काटेकोर होत्या. त्यांच्याकडे भोवळ होती, घेरी होती, झीट होती. डोळ्यांसमोर अंधारी येणं ही झीट येण्याआधीची पायरी होती आणि फेफरं किंवा आकडी हे सगळ्यांहून निराळं प्रकरण होतं. आता चाळीतल्या गॅलरीपासून टॉवरच्या लिफ्टपर्यंत एकच शब्द उरला आहे. परळला केईएमच्या अपघात विभागात असा रुग्ण आला की, ड्यूटीवरच्या डॉक्टरची पहिली काही मिनिटं हा शब्द उसवण्यातच जातात. फिरल्यासारखं वाटलं, की डोळ्यांपुढे काळोख आला? शुद्ध गेली, की नुसता तोल गेला?

इथे विषय त्यातल्या एकाच गोष्टीचा आहे. शुद्ध हरपते, माणूस पडतो आणि थोड्याच वेळात, कुणी काही केलं नाही तरी, पूर्णपणे ताळ्यावर येतो. कारण एकच असतं : काही सेकंद सगळ्या मेंदूला पुरेसं रक्त पोचलेलं नसतं. डॉक्टर याला सिंकोप म्हणतात, आपण मूर्च्छा म्हणू. हा भेद नवा नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशी तीन पायऱ्यांची मांडणी आहे. पहिल्या दोन अवस्था दोषांचा वेग ओसरला की आपोआप निवळतात, संन्यास मात्र औषधाशिवाय उतरत नाही. अपस्माराला, म्हणजे फेफऱ्याला, ग्रंथात वेगळी जागा आहे. सुश्रुताने मूर्च्छेचे प्रकार सांगताना रक्तामुळे येणारी मूर्च्छा स्वतंत्र मोजली आहे. मंडळाच्या रक्तदान शिबिरात शेजारच्याची पिशवी भरताना पाहूनच पांढराफटक पडणारा एक तरी पैलवान दर वर्षी निघतो. त्याचं निदान सुश्रुताच्या काळीच होऊन गेलेलं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : मूर्च्छेत मेंदू हा बळी असतो, आरोपी नव्हे. आपण मात्र झडती घेतो ती बळीचीच. माणूस पडला की घरचे आधी 'डोक्याचा फोटो' काढायला धावतात. खरा पुरावा असतो तो पडताना ज्याने पाहिलं त्याच्याकडे, आणि त्याला बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

मेंदू असा लगेच बळी का पडतो, हे गिरगावच्या चाळीतल्या माणसाला समजावणं सोपं आहे. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून प्रत्येक घरात पिंप भरून ठेवलेलं असतं. स्नायूंकडे असं पिंप असतं, यकृताकडे असतं. मेंदूकडे नसतं. वजनाने तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो आणि प्राणवायूचा २० टक्के. तोही अखंड. १९४३ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी माणसांच्या मानेभोवती हवेचा पट्टा फुगवून मेंदूचं रक्त क्षणभर थांबवून पाहिलं. असल्या प्रयोगाला आज कुठलीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. शुद्ध जायला पाच ते दहा सेकंद लागले. दादरला जलद गाडीचं दार उघडून निम्मी माणसं उतरायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि हा मेंदू बसवलेला आहे सगळ्यांत वरच्या मजल्यावर. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. एरवी शरीर ते सांभाळून घेतं : नाडी थोडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, पोटऱ्यांचे स्नायू पिळले जाऊन रक्त वर ढकलतात. साध्या मूर्च्छेत नेमकी हीच यंत्रणा उलटी फिरते. भीती, वेदना, रक्ताचं दर्शन, कोंदट जागेत ताटकळणं अशा कुठल्याही निमित्ताने वाहिन्या सैलावतात आणि त्याच वेळी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. दाब घसरतो. या जोडगोळीवरून लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये 'व्हेसोव्हेगल सिंकोप' हे नाव रूढ केलं. आधी मळमळतं, जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो, मग अंधारी येते. अंधारी आधी आणि आवाज नंतर जातो, याचंही कारण आहे. डोळ्याच्या गोळ्यात स्वतःचा दाब असतो. आत येणाऱ्या रक्ताला तो रेटा देतो, त्यामुळे दाब उतरला की मेंदूच्या आधी डोळ्याचा पडदा कोरडा पडतो. "दिसत काहीच नव्हतं, पण तुम्ही सगळे बोलताय ते ऐकू येत होतं," असं जो सांगतो तो नाटक करत नसतो.

शेवटी माणूस पडतो. पडला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं, रक्त पोचतं, शुद्ध येते. म्हणजे पडणं हाच उपाय आहे. निसर्गाने तो दिला आहे, आणि आपण गर्दीतली मायाळू माणसं तो हाणून पाडतो.

लालबागच्या राजाची रांग याचा वार्षिक धडा आहे. १९३४ पासूनचा हा गणपती. दर्शनाची रांग एक आणि नवसाची दुसरी. ताटकळणं दहा-बारा तासांचं, गर्दीच्या दिवशी त्याहूनही जास्त. भाद्रपदातली मुंबईची हवा म्हणजे घाम येतो पण वाळत नाही. कातडी गार व्हावी म्हणून शरीर वाहिन्या उघडतं आणि तेवढं रक्त मेंदूच्या वाट्यातून वजा होतं. त्यात आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपास झालेला, सकाळी बीपीची गोळी मात्र नेमाने घेतलेली, लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी टाळलेलं. माझा मावसभाऊ याच भागातल्या एका मंडळाच्या प्रथमोपचाराच्या टेबलावर बरीच वर्षं बसतो. तो म्हणतो, "बाई पडते त्याने काही होत नाही रे. चार जणी तिला बगलेत धरून उभी ठेवतात, त्याने होतं." उभ्याने धरलेल्या माणसाला रक्त पोचत नाही. पंधरा सेकंदांचं काम मिनिटावर जातं, हातपाय झटके देऊ लागतात, आणि मग गर्दीतून आवाज येतो : "फिट आली! कांदा आणा! चप्पल हुंगवा!" हा टेबलामागच्या सतरंजीवर बाईला आडवी झोपवतो, पाय खुर्चीवर ठेवतो, नऊवारीचा ओचा आणि ब्लाउजचा वरचा हूक सैल करायला बरोबरच्या बाईला सांगतो आणि चपला बाजूला सारतो. पहिलं वाक्य ऐकू येतं ते बहुधा "माझी पर्स कुठाय?"

हे वाक्य निदानाच्या दृष्टीने मोलाचं आहे. मूर्च्छेतून उठलेला माणूस अर्ध्या मिनिटात भानावर असतो. पर्स, चपला, मुलगा, सगळं त्याला आठवतं. फिटमधून उठलेला कित्येक मिनिटं गोंधळलेला असतो, झोपाळतो, माणसं ओळखत नाही. मराठी सिनेमातली नायिका डोळे मिटून अलगद कोसळते आणि उठल्यावर "मी कुठे आहे?" विचारते. ती दोन्हीकडे चुकते. खऱ्या मूर्च्छेत डोळे बहुतेक वेळा उघडे असतात. गच्च मिटलेले डोळे, दहा-पंधरा मिनिटांची बेशुद्धी आणि त्या सगळ्या वेळात नाडी नि दाब उत्तम असेल तर डॉक्टर मनाच्या ताणाकडे वळतो. ते सोंग नसतं. तोही आजारच, फक्त त्याचा रस्ता वेगळा.

झटक्यांबद्दल मात्र डॉक्टरही बरीच वर्षं गाफील होते. १९९४ साली बर्लिनमध्ये थॉमस लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी ५९ धडधाकट स्वयंसेवकांना उकिडवं बसवून जोरजोरात श्वास घ्यायला लावले, मग एकदम उभं करून कुंथायला सांगितलं, आणि सगळ्याचं चित्रीकरण केलं. त्यातले ४२ जण पूर्ण बेशुद्ध झाले, सरासरी बारा सेकंद. त्या ४२ पैकी ३८ जणांच्या हातापायांना झटके आले. एकालाही अपस्मार नव्हता. म्हणजे झटके आले एवढ्यावरून फिट ठरत नाही. मूर्च्छेतले झटके पडल्यानंतर येतात, विस्कळीत असतात, मोजता येतील एवढेच असतात. फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, मग लयीत झटके बसतात, मिनिट-दोन मिनिटं चालतात, जिभेची कड चावली जाते, चेहरा काळानिळा पडतो. मूर्च्छेत चेहरा पांढरा असतो. कपड्यात लघवी होणं दोन्हीकडे असतं, तिच्यावरून काही ठरवू नये. आपल्याकडे सगळा निवाडा नेमका तिच्यावरूनच होतो.

या गल्लतीची किंमत लहान नाही. मँचेस्टरमध्ये अपस्मार म्हणून उपचार चाललेल्या, पण गुण न येणाऱ्या किंवा निदान शंकास्पद वाटणाऱ्या ७४ रुग्णांची २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेरतपासणी झाली. ३१ जणांत वेगळंच कारण निघालं, बरंचसं रक्ताभिसरणाचं. अशी माणसं वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खात असतात. आपल्या समाजात त्या गोळ्यांसोबत आणखी बरंच येतं. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहातली अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती गेली. कायद्यातून गेली, स्थळं पाहणाऱ्या काकूंच्या वहीतून गेली का, हे दादरच्या कुठल्याही वधूवर सूचक मंडळात जाऊन बघावं. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराबरोबरच अचानक शुद्ध हरपण्याबद्दलही विचारलेलं असतं. टॅक्सी हीच ज्याची रोजी, तो तिथे खरं लिहील का? एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या कट्ट्यावर, तिसरा तास उपाशीपोटी बसून उठलेल्या मुलीला कुणीतरी 'फिट' म्हणून टाकतं आणि तो शब्द तिच्या पत्रिकेच्या पाठीवर कायमचा बसतो.

तर निदान कसं करायचं? युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूत्रं वाचली तर यंत्रांच्या आजच्या जमान्यात गंमत वाटते. पहिल्या फेरीत आहे : हकिगत, शारीरिक तपासणी, आडवं आणि उभं असताना रक्तदाब, आणि एक कार्डिओग्राम. बस्स. निम्म्याच्या आसपास रुग्णांचं कोडं इथेच सुटतं. हकिगतीचा अर्थ मात्र 'चक्कर आली' एवढाच नव्हे. उभे होतात की बसलेले? किती वेळ? शेवटचं काय खाल्लं-प्यायलं? पडण्याआधी छातीत धडधडलं का? खोकत होतात, लघवी करत होतात, इंजेक्शन घेत होतात? आणि मग खरा साक्षीदार : रंग कसा होता, डोळे कसे होते, झटके पडण्याआधी की नंतर, किती सेकंद, उठल्यावर पहिलं काय बोलला? हल्ली कुणी पडलं की चार मोबाइल वर येतात. एरवी मला त्या सवयीची चीड आहे. पण घरच्याच माणसाने शूट केलेली वीस सेकंदांची चित्रफीत न्यूरॉलॉजिस्टला जे सांगते, ते ईईजीच्या पट्टीलाही बऱ्याचदा सांगता येत नाही. फिट ओसरल्यावर काढलेला ईईजी नॉर्मल येऊ शकतो आणि कधी कधी काहीही झालेलं नसलेल्या माणसाच्या ईईजीत एखादी वेडीवाकडी लहर सापडते.

हे मी घरच्या अनुभवावरून शिकलो. माझे वडील गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचे. संडास गॅलरीच्या टोकाला. त्र्याहत्तराव्या वर्षी एका रात्री तीनच्या सुमारास ते तिथून परतताना लादीवर पडले. आवाजाने शेजारच्या मावशी उठल्या. भुवईवर खोक, दोन टाके. ज्या इस्पितळात नेलं तिथे दोन दिवस ठेवून घेतलं. सीटी स्कॅन झाला, एमआरआय झाला, मानेच्या शिरांची सोनोग्राफी झाली, ईईजी झाला. सलाइन अर्थातच लागलं. एमआरआयच्या अहवालात 'वयोमानानुसार बदल' असं छापून आलं. ते आम्हाला त्यांच्या केसांवरूनही सांगता आलं असतं. महिन्याने पुन्हा तोच प्रकार, तीच वेळ. या वेळी आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वडलांना तपासायच्या आधी मावशींना बोलावून घेतलं. "पडताना हाक मारली होती का त्यांनी?" मावशी म्हणाल्या, "हाक नाही हो, भिंतीला हात लावत लावत येत होते, मग घसरतच खाली बसले." डॉक्टरांनी वडलांना पाच मिनिटं बाकावर आडवं झोपवलं, दाब घेतला : १४६ वर ८२. उभं केलं. एका मिनिटाने ११८. तीन मिनिटांनी १०८, आणि वडील बाकाचा कोपरा चाचपू लागले.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. इथे ३८ ने उतरला होता. मग गोळ्यांचा डबा पालथा झाला. बीपीच्या दोन, आणि प्रोस्टेटची एक, जी झोपताना घ्यायची. प्रोस्टेटच्या या गोळीचं काम स्नायू सैल करण्याचं, आणि रक्तवाहिन्यांची भिंतही ती थोडी सैल करते. त्यावर ऊबदार अंथरुणातून एकदम उठणं, आणि भरलेलं मूत्राशय रिकामं होताना दाब आणखी खाली येणं. म्हातारे पुरुष रात्री संडासात पडतात यात भुताखेतांचा हात नाही, आणि मेंदूचाही नाही. एक गोळी बदलली, एक कमी केली. पट्टा आणि स्टेथोस्कोप, दहा मिनिटं.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्याचा सीटी स्कॅन व्हायलाच हवा होता, त्याबद्दल त्या इस्पितळावर माझा राग नाही. राग आहे तो झोपवून-उठवून दाब न घेण्याबद्दल. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१२ साली टाळण्याजोग्या तपासण्यांची यादी काढली. साध्या मूर्च्छेत, मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष असताना, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करू नका, हे त्यातच आहे. आपल्याकडे मात्र रुग्णाच्या नातेवाइकालाच 'नुसता दाब बघितला' की फसवल्यासारखं वाटतं. मशीनच्या बोगद्यात घातलं की समाधान होतं.

ज्या पडण्याला घाबरायला हवं, ते निराळं. तिथेही आरोपी मेंदू नसतो, हृदय असतं. जो धावता धावता कोसळतो, जिना चढता चढता कोसळतो, अंथरुणावर पडल्यापडल्या शुद्ध हरपते, ज्याला आधी काहीच सूचना मिळत नाही आणि तोंडावर आपटतो, ज्याच्या घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलेलं असतं, त्याला उद्यावर टाकायचं नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटची रेषा ओलांडून थांबल्यावर जो मटकन बसतो, त्याच्या पोटऱ्यांचा पंप थांबलेला असतो आणि पाय वर केले की तो बरा होतो. वाटेत पळता पळता जो पडतो, त्याच्याकडे धावत जावं. महाधमनीची अरुंद झालेली झडप, हृदयाचा जाड झालेला स्नायू, विजेच्या वायरिंगमधला जन्मजात दोष, मधूनच बंद पडणारा हृदयाचा ठोका ही यामागची कारणं. फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत ७,८१४ लोकांपैकी ८२२ जणांनी मूर्च्छा आल्याचं सांगितलं. सरासरी सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात साध्या, व्हेगसवाल्या मूर्च्छेने मृत्यूचा धोका वाढला नव्हता. हृदयामुळे आलेल्या मूर्च्छेने तो दुप्पट झाला होता. २००२ साली हे छापून आलं, आणि एक साधा कार्डिओग्राम दर वेळी का काढायचा याचं उत्तर मिळालं.

हृदयाचा ठोका अडल्यामुळे येणाऱ्या मूर्च्छेला डब्लिनच्या दोन डॉक्टरांची नावं आहेत, ॲडम्स आणि स्टोक्स. त्यांनी ती १८२७ आणि १८४६ साली नोंदली. उपाय यायला शतक उलटलं. स्टॉकहोमच्या आर्ने लार्सन या इंजिनियरला दिवसातून वीस-तीस वेळा अशी मूर्च्छा यायची. त्याच्या बायकोने डॉक्टरांचा पिच्छा पुरवला आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्याच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसला. तो काही तासच चालला. पण लार्सन एकामागून एक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगला. असा हा आजार एका छोट्या डबीने आटोक्यात आला. आज परळच्या सरकारी-पालिका इस्पितळांत आठवड्याला किती तरी डब्या बसतात आणि कुणी बातमी करत नाही.

मधल्या गटासाठी, म्हणजे हकिगतीवरून आणि कार्डिओग्रामवरून उलगडा होत नाही अशांसाठी, टिल्ट टेबल आहे. रुग्णाला फळीवर बांधून फळी साठ-सत्तर अंशांत उभी करायची आणि वाट पाहायची. लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये तिचा उपयोग दाखवून दिला. लालबागच्या रांगेत जे चार तासांनी होतं ते इथे वीस-तीस मिनिटांत, नाडी आणि दाब नोंदवत घडवून आणलं जातं. चोवीस तासांचा होल्टर, कातडीखाली बसवायचा आणि वर्षानुवर्षं ठोके लिहून ठेवणारा लूप रेकॉर्डर, ही पुढची पायरी. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

राहिला मेंदूवरच्या परिणामाचा प्रश्न. आया डॉक्टरांना विचारतात तो हाच : "असं वारंवार झालं तर डोकं कमजोर होईल का?" दहा-बारा सेकंदांच्या साध्या मूर्च्छेने पेशी मरत नाहीत. दिवा मालवतो, बल्ब जळत नाही. दुधपितं मूल रडता रडता दम कोंडून निळं पडतं, शुद्ध हरपतं, आईचा जीव जातो. ते मूलही पुढे इतरांसारखंच वाढतं. त्याचं लोह तपासून घ्यावं, कमी असेल तर भरून काढावं, एवढं पुरतं. हिशेब बदलतो तो सेकंदांची मिनिटं झाली की. चार-पाच मिनिटं रक्त थांबलं तर स्मृती सांभाळणाऱ्या पेशी, दृष्टीचं केंद्र अशा नाजूक जागा आधी जातात.

मिनिटांची ही किंमत परळने बेचाळीस वर्षं डोळ्यांसमोर पाहिली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. डोळे शाबूत असून दृष्टी गेली, कारण पाहणारा मेंदू गेला होता. १८ मे २०१५ पर्यंत केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे इच्छामरणाचा प्रश्न आला तेव्हा त्याच परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. मूर्च्छेशी याचा संबंध जोडायला हात धजावत नाही. पण मेंदूला किती वेळ आहे हे या शहराने कुठल्या पुस्तकातून शिकलेलं नाही, त्या खाटेवरून शिकलेलं आहे.

गर्दीत कोसळणारा प्रत्येक जण मात्र मूर्च्छेनेच पडतो असं नाही. एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याही वेळी "गुदमरून चक्कर आली" असंच लोक म्हणत होते. ती चक्कर नव्हती. छातीवर इतका दाब होता की फासळ्या फुलू शकत नव्हत्या. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातल्या सोहळ्यानंतर १४ जण दगावले, ती उष्माघाताची गोष्ट होती. उन्हात आलेली साधी मूर्च्छा सावलीत आडवं केलं की उतरते. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि माणूस बरळतोय, तर मेंदू शिजायला लागलेला असतो. तिथे पाय वर करून वाट पाहायची नाही. ओल्या कपड्यांनी, बर्फाने, पंख्याने जागच्या जागी गार करायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर आता आणखी एका गोष्टीकडे पाहतात. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत, उभं राहिल्यावर दाब उतरणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे १५ टक्के जास्त दिसलं. दाबाच्या या रोजच्या चढउतारानेच मेंदू झिजतो, की दोन्हींमागे तिसरंच काही आहे, हे त्यातून ठरत नाही. त्याहून जवळचा धोका साधा आहे : पडणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला म्हातारा पडतो, उठतो, "काही नाही झालं" म्हणतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखणं, बोलण्यात घोळ, पाय ओढणं सुरू होतं. कवटीखाली हळूहळू रक्त साठलेलं असतं. इथे मात्र डोक्याचा फोटो लगेच काढायचा, आणि तो पैसा वसूल असतो.

ज्यांना साधी मूर्च्छा वारंवार येते त्यांचं औषध फारसं औषधासारखं दिसत नाही. पाणी भरपूर. बीपी वाढलेलं नसेल तर मीठ हात न आखडता. अंधारी येऊ लागली की पायांची कात्री करून मांड्या नि कुल्ले घट्ट आवळायचे, मुठी पिळायच्या. याने दाब खरोखर वर चढतो, हे नेदरलँड्समधल्या चाचण्यांत दिसलं आहे. रक्तदानाआधी दोन पेले पाणी. विरार गाडीच्या दारात उभ्याने झापड येऊ लागली तर लाज सोडून खाली बसायचं. सेकंड क्लासमधली माणसं शिव्या घालतात, पण वाट करून देतात.

वडील नंतर सहा वर्षं होते, पुन्हा पडले नाहीत. जुन्या डॉक्टरांनी त्यांना एक नियम घालून दिला होता. रात्री जाग आली की आधी खाटेच्या कडेवर बसायचं, पाय खाली सोडायचे, पन्नास आकडे म्हणायचे, मग उठायचं. पन्नासला ते कंटाळायचे, म्हणून त्यांनी पावकी म्हणायला घेतली. पहाटे तीनला भिंतीपलीकडून ती ऐकू यायची. शेजारच्या मावशी सांगायच्या, पावकी संपून गॅलरीत पावलं वाजली की मी कूस बदलते.